उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

११ डिसेंबर

ताई,

आईला वृद्धनिवासात पोचवून आले. मामा बरोबर होते. खोली तू पाठवलेल्या फोटोत होती तशीच आहे, फक्त फोटोत दुसरी खाट आली नव्हती. त्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका असतात. त्यांनी आईला पहिलाच प्रश्न विचारला, "घोरता का?" आई म्हणाली, "काय माहीत, मी झोपलेली असते." मला वाटलं, आता ती हसेल. हसली नाही.

मामांनी प्रयत्न करून पाहिला. "अक्का, आयतं ताट, वर कुणी भांडी घास म्हणत नाही. माझंही नाव घालून टाकावं म्हणतो." आईने तिथल्या मावशींना विचारलं, "इथे इस्त्री कुठे असते?" मावशी म्हणाल्या, इस्त्री आम्ही कुणाच्या हाती देत नाही. आई म्हणाली, "बरं करता."

तुझे आभार मानायला लिहितेय. फोनवर तू घाईत असतेस आणि मला धड बोलता येत नाही. तू आली नसतीस तर आम्ही अजून वाद घालत बसलो असतो. आग लागली त्या दिवसापासून आईचं एकच पालुपद होतं. इस्त्री मी लावलीच नव्हती, टेबलावर मखमलीचे अभ्रे होते, मखमलीला कोण इस्त्री करतं. अग्निशमनच्या अधिकाऱ्याला तेच, मामांना तेच. खालच्या कुलूपवाल्यालाही तेच, ज्याने दार फोडून तिला स्वयंपाकघरातून बाहेर ओढलं. अधिकाऱ्याने जळक्या टेबलावरची इस्त्री दाखवली. पिन बोर्डात होती. बटण वितळलेलं, चालू की बंद कळायला मार्ग नाही. त्याने लिहून टाकलं, इस्त्री. आई म्हणाली, "पिन तर कायमच आत असते."

मग तू आलीस. काळी झालेली खोली पाहिलीस. पडदा कुठे आहे, म्हणून विचारलंस. मी म्हटलं, धुवून गच्चीवर टाकला होता, तेवढाच वाचला. मग आईजवळ बसलीस, तिचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "आई, या वयात असं होतं. तुला कुणी दोष देत नाहीये. पण झालं असेल, एवढं मान्य कर." ती तुझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं असेल."

मला हे जमलं नसतं. माझ्याशी ती वाद घालते, तुझं ऐकते. शिकलेली तू, इमारतींना काचा लावणारी तू. मी लोकांचे दात बनवते.

घर फेब्रुवारीअखेर सोडावं असं तुझंही मत आहे, मामा म्हणाले. ठीक आहे. मी लॅबच्या जवळ एखादी खोली बघेन.

तुझी,
धाकटी


२ जानेवारी

ताई,

मुख्याध्यापिकाबाईंची तक्रार आली आहे. त्या वाचत असतात आणि आई येऊन त्यांच्या दिव्याची पिन काढते. "मी वाचतेय ना?" "वाचा की, पण पिन काढून वाचा." त्या मला म्हणाल्या, "तुमच्या आईंना वर्गाबाहेर उभं करावंसं वाटतं." तशा चांगल्या आहेत. आईचे केस विंचरून देतात.

मी तिची शिवणाची पेटी घेऊन गेले होते. तिने उघडलीसुद्धा नाही, माझ्याकडे सरकवली. "सुई नको माझ्यापाशी. हरवेल, कुणाच्या तरी पायात जाईल." जन्मभर उशांचे अभ्रे शिवलेली बाई. तिने सुई हरवलेली तू कधी पाहिली आहेस?

बाथरूमला जायचं तरी मावशींना विचारते. जाऊ का, म्हणून.

मी म्हटलं, आई, एक चूक झाली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. तर तिने मला समजावलं. शांतपणे, हिशेब समजावतात तसं. "मी बोर्डाकडे गेलेच नव्हते, हे मला स्वच्छ दिसतं. आत्तासुद्धा दिसतं. आणि ते खोटं आहे. म्हणजे जे स्वच्छ दिसतं तेही खोटं असू शकतं. तुझे बाबा छत्री घेऊन मला घ्यायला आले होते, तुम्ही दोघी व्हायच्या आधी. ते तरी झालं होतं का, कोण जाणे."

तू तिच्याशी बोल. मी काहीही म्हटलं तरी ती म्हणते, "तुझं मन मोठं आहे म्हणून तू असं म्हणतेस."

जळकी खोली मी थोडी थोडी साफ करतेय. वास जात नाही. खिडकीच्या काचा फुटल्यात, चौकट उघडीच असते, तिथे बोटं गारठतात. लॅबचं काम घरी आणलंय. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन अनोळखी माणसांचे जबडे आहेत. कुलूपवाला गॅसची शेगडी दुरुस्त करायला आला तर म्हणाला, "ताई, हे चावत नाहीत ना?" मी म्हटलं, रविवारी सुट्टी असते त्यांना.

धाकटी


१२ जानेवारी

ताई, ताई,

हे नीट वाच, आणि वाचलंस की लगेच फोन कर. मामांना नको, मला कर.

काल दुपारी मी एक कवळी आईच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. मेणाच्या हिरडीत दात बसवून झाले होते, मेण जरा कडक व्हावं म्हणून गारठ्यात ठेवली. भिंत घासत बसले. वळून पाहिलं तर हिरडी एका बाजूला ओघळली होती आणि चार दात आडवे पडले होते.

ताई, त्या खोलीत मला कानटोपी घालावी लागते. तिथे मेण वितळलं.

मी हात लावायला गेले आणि हात मागे घेतला. खिडकीच्या कट्ट्यावर उजेडाचा एक पट्टा होता, तळहाताएवढा रुंद. त्याच्या आत चटका, बाहेर बर्फ. आपली खिडकी उत्तरेची. या खोलीत ऊन कधी येत नसे. समोरच्या बालरुग्णालयाला तू नव्या काचा लावल्यास तेव्हापासून हिवाळ्यात दुपारी येतं ते ऊन. आई सगळ्यांना सांगायची, "माझ्या मोठीने मला ऊन आणून दिलं." तेच ऊन. पण हे नुसतं ऊन नव्हतं.

मी पट्ट्याच्या मागे मागे पाहत गेले. बोळापलीकडे, रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरची तीन तावदानं झळकत होती. तिन्हींचा उजेड एकाच जागी येत होता. मी काळा कागद धरला. आधी त्याची कड कुरळी झाली. मग धूर आला. कुलूपवाल्याला हाक मारून वर बोलावलं. त्याने पट्ट्यात हात धरला आणि एक शिवी दिली, ती लिहीत नाही. मग म्हणाला, "हा तर तवा आहे हो."

पट्टा हळूहळू सरकतो. कट्ट्यावरून टेबल होतं त्या जागेवर जातो. टेबलावर त्या दिवशी काळ्या मखमलीचे अभ्रे होते आणि कापूस.

ताई, आईने काही केलेलं नाही!

तू मला एकदा समजावलं होतंस. दुहेरी काच, तिच्या आतल्या अंगाला चांदीचा लेप, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ. उजेड आत सोडतो. आतली ऊब आत आणि बाहेरची उष्णता बाहेर ठेवतो. बाहेर ठेवतो म्हणजे परत पाठवतो, हो ना? कुठे पाठवतो, हे मी तेव्हा विचारलं नाही. पण असा एका जागी गोळा कसा होतो? तुला असं कधी आढळलं आहे का? हे तुझं क्षेत्र आहे, तूच सांग.

आईला मी अजून बोलले नाही. माझ्या तोंडून तिला ते पटणार नाही, धाकटी मन राखतेय असं वाटेल. तू सांगितलंस तर पटेल. इस्त्री होती हे तिने तुझ्याच तोंडून ऐकून मानलंय.

मी रडत नाहीये. हसतेय. कवळी परत करायची आहे, मालक ओरडेल, ओरडू दे.

तुझी,
धाकटी


२३ जानेवारी

ताई,

तुझा निरोप मिळाला. दोन वाक्यांचा. "तावदान सपाट असतं. सपाट काचेवरून परतलेले किरण एकत्र येत नाहीत."

त्याच दिवशी मामांचा फोन आला. "अगं, जरा सुट्टी घे. घरात जळका वास, एकटी राहतेस, मनावर परिणाम होतो माणसाच्या. मोठी काळजी करत होती तुझी." मी विचारलं, काय म्हणाली? "म्हणाली, धाकटीला आईचं लागून राहिलंय, ती कारणं शोधतेय. तिच्याशी वाद घालू नका." मी म्हटलं, मामा, मी कागद जाळून पाहिलाय. ते म्हणाले, "कागद काय बाळ, कुणीही जाळतं."

तू आईसाठी जे वाक्य वापरलंस, ते आता माझ्यासाठी वापरलंस. माणूस तेवढं बदललंस.

म्हणून मी रुग्णालयात गेले. बाह्यरुग्ण विभागात बसले, बाळ नसलेली एकटीच. वर जिन्याच्या वळणावर मोठं तावदान आहे. पर्समध्ये लॅबची पोलादी पट्टी होती, दात एका रेषेत आहेत का ते बघायची. ती मी काचेवर आडवी धरली. दोन्ही टोकं टेकली. मधे माझं नख गेलं.

एक नर्स म्हणाली, "काय करताय?" मी म्हटलं, "काच बघतेय." ती म्हणाली, "छान आहेत ना? या बसेपर्यंत आम्ही बाळांना दोन-दोन गोधड्यांत गुंडाळायचो." मी हो म्हटलं. छान आहेतच. वॉर्ड उबदार आहे. मी मुद्दाम आत डोकावून पाहिलं.

तावदान सपाट नाही, ताई. दोन काचांत कोंडलेली हवा थंडीने आक्रसते आणि काच आत ओढली जाते. मेण थंड होतं तेव्हा मधे खळगा पडतो, रोज बघते मी. तो खळगा अंतर्गोल आरशासारखा उजेड एका जागी गोळा करतो. हे मला एका दुपारी कळलं. तुला माहीत नव्हतं, असं मी अजून धरून चालते आहे. ती काच तुझी आहे, एवढ्या जवळून माणसाला कधी कधी दिसत नाही.

तू येऊन बघ. एवढंच म्हणणं आहे. पट्टा दुपारी येतो. मी चहा करीन.

धाकटी


१ फेब्रुवारी

ताई,

काल आईला भेटले. तुझी वाट बघून झाली होती, म्हणून मीच सांगितलं. पट्टा, मेण, काळा कागद, पट्टीखाली गेलेलं नख. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असं असतं तर ताई बोलली नसती का? तिला कळत नाही, तुला कळतं?"

मी म्हटलं, तिने पाहिलंच नाही तर कळणार कसं.

"पाहिलं नाही कसं? मागच्या थंडीत राहायला आली होती तेव्हा त्याच खिडकीत उभी असायची की. ऊन आलं की हात धरायची. उलटा हात, ताप बघतात तसा. पुढे धरायची, मागे धरायची. मी म्हटलं, काय गं, शेकतेयस का? तर हसली. मग बाजारात गेली आणि ते जाड कापड घेऊन आली. मी आणते म्हटलं तर म्हणाली, नको, हेच हवं, पांढरं आणि जाड. माझ्यासमोर बसवून पडदा शिवून घेतला. दुपारी हा ओढलेला राहू दे, मखमलीचा रंग उडतो, म्हणाली. मी म्हटलं, अगं, तूच ऊन आणलंस आणि तूच झाकतेस?"

मी विचारलं, मग त्या दिवशी पडदा का नव्हता?

"तू येणार होतीस ना." ती मलाच तू समजली क्षणभर. "पुढच्या आठवड्यात ताई येणार होती ना. मळका पडदा दिसला असता तर रागावली असती. म्हणून धुतला."

हे तिने आधी कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी तिला इस्त्रीबद्दल विचारलं. पडद्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

नाही. एकीने विचारलं होतं.

तू त्या दिवशी दारातून आलीस. आई कॉटवर बसली होती, हाताला पट्टी, भुवया जळलेल्या. भिंत काळी. तू तिच्याकडे गेली नाहीस. माझ्याकडे वळून विचारलंस, पडदा कुठे आहे? मला ते किती साधं वाटलं. मला वाटलं, माणूस धक्क्यात काहीही विचारतो. मी उत्तर दिलं, आणि उत्तर ऐकल्यावर तू जाऊन तिच्याजवळ बसलीस.

त्या दोन गोष्टींच्या मधे तू खोली ओलांडलीस. चार पावलं असतील. तेवढ्यात तू ठरवलंस.

तू तिचा हात हातात घेतलास. मी तेव्हा शेजारी उभी होते आणि मला तुझा अभिमान वाटत होता.

मी तुझी बाजू मांडून पाहिली. रोज मांडते. तुझं नाव आहे त्या कामावर. बोललीस तर काचा उतरवतील, बाळांचा वॉर्ड पुन्हा गार पडेल, पुढची कामं जातील. पडदा लावून तू आईपुरतं निस्तरलं होतंस, बाकीच्यांचं पुढे बघू. इथपर्यंत मी येते. इथपर्यंत मी कदाचित तुझ्याबरोबर राहिलेही असते. पण "या वयात असं होतं" इथे मी अडते. काच वाचवायला तू काचेबद्दल खोटं बोलली असतीस तर चाललं असतं. तू आईला आईबद्दल खोटं सांगितलंस. ती आता स्वतःला विचारते की बाबा खरंच छत्री घेऊन आले होते का.

ये आणि तिला सांग. मला उत्तर नको. तिला सांग.


११ फेब्रुवारी

आज पट्टा खोलीत आला नाही.

खिडकीच्या खालच्या कडेला लागला आणि भिंतीवरून खाली गेला. सूर्य वर चढतोय, त्यामुळे उजेड खाली उतरतोय. अजून थोड्या दिवसांनी तो बोळात पडेल, मग हवा तापेल, तावदानं पुन्हा सपाट होतील आणि तुझं वाक्य खरं ठरेल.

तू गप्प आहेस म्हणजे विचार करते आहेस, असं मला वाटत होतं. तू नुसती वाट बघत होतीस. उन्हाळ्याची.

फेब्रुवारीअखेर घर सोडायचं, ही तारीख कुणी काढली होती? मामांना विचारलं. म्हणाले, "मोठीनेच. का गं?"

मी अग्निशमनला आणि रुग्णालयाला, दोन्हीकडे तक्रार दिली आहे. तुला सांगून करतेय. तू मला न सांगता केलंस.


२७ फेब्रुवारी

ताई,

झालं ते सांगते. काही तुला माहीत आहे, काही नसेल.

तू वृद्धनिवासात येऊन गेलीस, हे मला मावशींनी सांगितलं. "मोठ्या बाई आल्या होत्या. दार लावून बसल्या. आधी दोघी रडल्या, मग बऱ्याच वेळाने हसण्याचा आवाज आला, मग आईंनी चहा मागवला. स्वतः मागवला हो, विचारलं नाही." मुख्याध्यापिकाबाईंना बाहेर बसावं लागलं, त्या अजून तुझ्यावर रागावलेल्या आहेत.

मी गेले तेव्हा आई खाटेवर पाय सोडून बसली होती. मला बघताच म्हणाली, "माझी पेटी कुठे आहे? आणि कात्री धार लावून आण. यांच्या उश्या बघवत नाहीत मला." दिव्याची पिन भिंतीत होती. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे तू सांगितलंस. मी खाली बसले. तुझ्याबद्दल मनात जे काही साठलं होतं, ते क्षणभर सगळं सोडून द्यायला तयार होते. मी म्हटलं, "आई, ताईने सांगितलं ना?"

"काय?"

"काचेचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, आगीच्या आधी असायचे तसे. "इस्त्रीच होती गं," ती म्हणाली. "मला आठवलं."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतेय.

"मखमलीला कोण इस्त्री करतं?" मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं.

"अस्तराला करत होते. अस्तर सुती होतं. दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेले. इस्त्री आडवी ठेवली होती."

दूध नव्हतंच त्या दिवशी घरात, ताई. मी संध्याकाळी आणणार होते.

तिला घरी आणलं. मामा म्हणाले, डॉक्टरांनी तपासलंय, डोकं अगदी ठिकाणावर आहे, मग कशाला ठेवायचं. घर सोडत नाही आहोत. ते सगळं मला हवं होतं तसं झालं.

अधिकारी परवा आले. तोच, आग लागली तेव्हा आलेला. पट्टा आता खाली कुलूपवाल्याच्या पाटीवर पडतो. पाटी प्लास्टिकची आहे, अक्षरं मधोमध खाली लोंबली आहेत. कुलूपवाल्याने अधिकाऱ्याला हात धरायला लावला. "धरा साहेब, धरा, मीही धरला होता." साहेबांनी धरला आणि मागे घेतला. फोटो काढले. रुग्णालयाचा माणूस बरोबर होता, तो लगेच म्हणाला, बाहेरून जाळी बसवू, या आठवड्यात. तुझ्या कंपनीने तशी तयारी दाखवली आहे, काचा उतरवायला लागणार नाहीत. वॉर्ड उबदार राहील. बरं झालं. हे मी मनापासून लिहितेय.

मग साहेब वर आले. जळकं टेबल अजून आहे तिथेच आहे. त्यांनी खिडकीतून समोर पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि मीच त्यांना काही सांगायच्या आधी ते म्हणाले, "आजी, मला वाटतं आपण तुमच्यावर अन्याय केला."

ताई, हे वाक्य ऐकायला मी सगळा हिवाळा घालवला.

आई म्हणाली, "नाही हो साहेब. खाली काय पडतं ते पडू दे. वर इस्त्रीच होती." आणि तिने सांगितलं. अस्तर, दूध, आडवी इस्त्री, पिन, सगळं क्रमाने. कुठे अडली नाही. दोनदा विचारलं तर दोनदा तेच. साहेबांनी शेवटी वही मिटली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या आईंची स्मरणशक्ती उत्तम आहे. इतकं नीट सांगणारी साक्षीदार क्वचित मिळते." जुना निष्कर्ष कायम.

ते गेल्यावर मी दार लावलं. मी तिला विचारलं, का?

तिने पेटी उघडली. सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात ओवला. मग म्हणाली, "ती येऊन माझ्या पायाशी बसली. एवढी मोठी बाई. म्हणाली, आई, मी तुला वेडी ठरवलं. मी म्हटलं, ऊठ. मी वेडी नाही हे मला कळलं ना, बस झालं. आता लोकांना काय वाटतं त्याच्याशी मला काय करायचंय?"

"आणि ती?"

"तिचं सगळं गेलं असतं."

"आणि मी?" मी विचारलं. "मामा मला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. मी एकटी त्या खोलीत बसून कागद जाळत होते. माझं काय?"

तिला प्रश्न समजला नाही. खरंच समजला नाही, ती नाटक करत नव्हती. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "तुला काय झालंय? तू इथेच आहेस की."

मी इथेच आहे. तिचं टेबल रंगवायला दिलं आहे. खिडकीला काच बसली, साधी. लॅबच्या मालकाने त्या कवळीचे पैसे कापले नाहीत, फक्त महिनाभर ऐकवलं. मामा कालच म्हणाले, "बघ, सगळं सुरळीत झालं की नाही? उगाच त्रागा करून घेतलास." मी चहा ओतत होते. ओतत राहिले.

तुला वाटेल आता सगळं मिटलं. आईने मिटवलं. पण ती तुझी आणि तिची गोष्ट होती, ती तुम्ही दार लावून मिटवलीत. माझी कुणी मिटवली नाही. मी आता खरं काय ते जाणणारी तिसरी, आणि बाकी दोघी ते नाकारतात. मी कुणाला सांगितलं तर आईला खोटी ठरवावं लागेल. तेवढं मी करणार नाही, हे तुम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यावरच तर तुम्ही हसलात ना, दार लावून?

फोन करू नकोस. यायचं असेल तर आईकडे ये, मी त्या दिवशी लॅबमध्ये असेन.

आत्ता तिने शेजारच्या खोलीतून विचारलं, "ताईला लिहितेयस का?" मी हो म्हटलं. "माझा आशीर्वाद लिही," ती म्हणाली.

लिहीन म्हणून सांगितलं आहे. तो या पत्रात नाही.